महिना जमतो, वर्ष फसतं

पत्र: आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. घर सासऱ्यांनी बांधलेलं, त्यामुळे भाडं नाही. मिस्टर पिथमपूरला कंपनीत आहेत, हातात २६,००० येतात. मी साड्यांना फॉल-पिको करून वर्षाचे चाळीस हजार मिळवते. मुलगा आठवीत, मुलगी चौथीत, सासूबाई ७३ वर्षांच्या. महिना कसाबसा निभतो, पण एप्रिल आला की हातपाय गळतात. गेल्या एप्रिलला फीसाठी माझ्या बांगड्या सराफाकडे ३०,००० ला गहाण टाकल्या, दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने. दिवाळीला १४,००० बोनस येतो, तो कुठे जातो कळत नाही. दूध दीड लिटरवरून एक लिटर केलं. दोन वर्षांपूर्वी भरलेल्या गव्हात सोंडे झाले, क्विंटलभर गहू वाया गेला, तेव्हापासून पाकीट आटा घेतो. शेजारच्या बायका बीसीत (भिशीत) ये म्हणतात. आणखी कुठे हात आखडू? वहीची पानं सोबत जोडली आहेत.

ताई,

वहीची पानं पाठवलीत हे फार बरं केलं. एका पानावर महिन्याचा खर्च आहे, २३,५००. दुसऱ्यावर वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च. ही दोन पानं तुम्ही कधी शेजारी ठेवून बघितली नाहीत, आणि सगळी गोम तिथेच आहे.

दुसरं पान असं: दोन्ही मुलांची फी ४२,०००, निम्मी एप्रिलला आणि निम्मी ऑक्टोबरला. वह्या-पुस्तकं, गणवेश, बूट ११,०००. नगर निगमचा संपत्तिकर, नळ आणि कचरा मिळून ५,०००. गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ४,५००. दिवाळी १२,०००. गणपती-गौरी आणि आहेर १०,०००. मे महिन्यात माहेरी जाणं ६,०००. डाळ-मसाल्याची वर्षाची भरणी ६,०००. बेरीज ९६,५००. यातला एकही खर्च अचानक आलेला नाही. शाळा दर एप्रिलला उघडते आणि दिवाळी दर वर्षी येते. पण वहीत त्यांना जागा नसल्यामुळे ते येतात तेव्हा संकटासारखे येतात.

आता दोन्ही पानं जोडा. महिन्याचे २३,५०० म्हणजे वर्षाचे २,८२,०००. त्यात ९६,५०० मिळवले की ३,७८,५००. मिळकत ३,१२,००० आणि ४०,०००, म्हणजे ३,५२,०००. तूट २६,५००. बांगड्या ३०,००० ला का गेल्या, याचं उत्तर मिळालं ना? तुमचा हात सैल नाही. फक्त पगारातले २६,००० सगळे या महिन्याचे आहेत असं तुम्ही धरून चालता, आणि त्यातले आठ हजार मुळात या महिन्याचे नसतातच.

म्हणून पहिलं काम: ९६,५०० भागिले १२, म्हणजे ८,०४२. याचे सरळ ८,०५० करा आणि पगार जमा झाला की त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाका. पोस्टाचं बचत खातं यासाठी चांगलं. ५०० रुपये शिल्लक ठेवली की चालतं, आणि त्याला यूपीआय जोडू नका. हातासरशी निघणारा पैसा वर्षभर टिकत नाही. पोस्टाची आवर्ती ठेव मात्र या कामाला नको. ती पाच वर्षांची असते, तीन वर्षांआधी मोडता येत नाही, आणि तुम्हाला तर पैसे ऑक्टोबरातच लागणार आहेत. बीसीचंही तेच. बोली लावून लवकर उचलली तर सूट कापून जाते, उशिरा उचलली तर मधे कुणी हप्ता बुडवल्याची टांगती तलवार. फीचे पैसे बीसीत घालू नका. हौसेचे असतील तर गोष्ट वेगळी.

येत्या जूनपासून सुरुवात केली तर पुरेल का, हे ताडून बघू. जून ते ऑक्टोबर पाच हप्ते, ४०,२५०. दिवाळीपर्यंत निघणार गणपती आणि एखादा आहेर ५,०००, दुसरी फी २१,०००, दिवाळी १२,०००, म्हणजे ३८,०००. हातात २,२५०. पुढे नोव्हेंबर ते एप्रिल सहा हप्ते, ४८,३००. त्यातून गाडी ४,५००, नगर निगम ५,०००, डाळ-मसाले ६,०००, पहिली फी २१,०००, पुस्तकं-गणवेश ८,००० (११,००० चे ८,००० कसे, ते खाली). उरतात ६,०५०. मेचा हप्ता घालून माहेर आणि लग्नसराईचे आहेर, दोन्हींचे मिळून ११,००० काढले की ३,१०० शिल्लक. म्हणजे पुरतं, पण जेमतेम. एक हप्ता चुकला तर एप्रिलमध्ये लगेच कळेल.

आता महिन्याच्या घरखर्चाला राहतात साधारण २१,२८०. सध्या लागतात २३,५००. म्हणजे दर महिन्याला २,२०० कमी करायचे. तुम्ही दुधापासून सुरुवात केलीत. अर्ध्या लिटराचे महिन्याला ९०० वाचले, आणि ते मुलांच्या नि सासूबाईंच्या ताटातून गेले. तेवढेच ९०० औषधांतून निघतात, कुणाच्या तोंडचा घास न काढता.

सासूबाईंच्या रक्तदाब-साखरेच्या गोळ्यांना महिन्याला १,४०० जातात. डॉक्टरांना सांगा की गोळीचं कंपनीचं नाव नको, घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून द्या. ती चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात जा. अशा रोजच्या गोळ्या तिथे बहुधा निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, तेव्हा १,४०० चे ५०० होणं काही अवघड नाही. चूक होते ती दोन ठिकाणी. एक, साखरेच्या मेटफॉर्मिनची साधी गोळी आणि हळूहळू विरघळणारी ‘एसआर’ गोळी वेगळी असते. नुसतं नाव जुळवून घेऊ नका, ही दोन अक्षरंही जुळली पाहिजेत. दोन, केंद्रात प्रत्येक गोळी प्रत्येक वेळी असतेच असं नाही. म्हणून जुनी पट्टी संपायच्या दहा दिवस आधी जा. गोळ्या बदलल्यावर तीन-चार आठवड्यांनी रक्तदाब आणि साखर तपासून डॉक्टरांना दाखवा.

त्यांच्याच बाबतीत आणखी एक. ७० वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही, घरची मिळकत किती का असेना, आयुष्मान योजनेतलं ‘वय वंदना’ कार्ड मिळतं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ही सोय आहे. आधार घेऊन जा आणि कार्ड काढून ठेवा. वर्षाला ५ लाखांपर्यंतचा भरती होण्याचा खर्च त्यात येतो. बाहेरून घ्यायची रोजची औषधं येत नाहीत. आजारपण आल्यावर कार्ड काढायला धावणं हीच नेहमीची चूक. मिस्टरांसाठी बँकेतून जीवन ज्योती (आयुर्विमा, वर्षाला ४३६) आणि सुरक्षा विमा (अपघाताचा, वर्षाला २०) सुरू करा. पैसे मेअखेर खात्यातून वळते होतात, तेव्हा त्या आठवड्यात शिल्लक असू द्या. हे ४५६ वर उरलेल्या ३,१०० मधून.

बांगड्यांचं व्याज महिन्याला ६००, वर्षाचं ७,२००. बँकेत सोनेतारण कर्जाला साधारण दहा टक्क्यांच्या आसपास पडतं, म्हणजे ३,०००. महिन्याला ३५० वाचतात. अडचण अशी की बांगड्या सराफाकडे अडकलेल्या आहेत. भाऊ, नणंद, जे कुणी जवळचं असेल त्याच्याकडून ३०,००० एका दिवसापुरते घ्या, सकाळी बांगड्या सोडवा, दुपारी बँकेत ठेवा, संध्याकाळी पैसे परत करा. बँकेत विचारायचं ते असं: पारखणावळ आणि फाइलीचे पैसे किती, मधेच थोडी-थोडी मुद्दल भरता येते का, आणि वर्षाच्या शेवटी एकरकमी फेडायची अट तर नाही ना. पावतीवर बांगड्यांचं एकूण वजन आणि खडे वजा जाता सोन्याचं वजन, दोन्ही लिहून घ्या. आणि दिवाळीचा बोनस हातात न घेता सरळ मुद्दलीत भरा. दोन बोनसांत २८,००० जातात, दोन दिवाळ्यांनी बांगड्या जवळजवळ मोकळ्या. म्हणूनच बोनस वरच्या मिळकतीत धरलेला नाही.

विजेचं गणित मजेशीर आहे. मध्य प्रदेश सरकारच्या अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा खप १५० युनिटांच्या आत असेल तर पहिली १०० युनिटं १०० रुपयांत पडतात. १५० ओलांडले की ती सवलत पूर्ण जाते, फक्त वरच्या युनिटांची नव्हे. शेवटच्या एका युनिटाचा फटका चार-पाचशेचा बसतो. हिशेब दिवसाला ५ युनिटं असा असतो. तुमची उन्हाळ्यातली बिलं १८० च्या आसपास आहेत, म्हणजे रोजचं एक युनिट जास्त होतंय. ते कुठून येतं बघा: कूलर १८० वॅटचा, १० तास, १.८ युनिट. फ्रिज १. तीन जुने पंखे ७५ वॅटचे, १२-१२ तास, २.७. दिवे-टीव्ही ०.६. झाले ६.१.

कूलर लावलेल्या खोलीत रात्री वरचा पंखाही फिरतो, तो बंद करा. आठ तासांचे ०.६ युनिट गेले. सगळ्यात जास्त चालणारा एक पंखा ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) घ्या, ०.५४ गेले. आता ४.९६. तिन्ही पंखे बदलायला जाऊ नका, एवढ्या खपाला पैसे वसूल व्हायला बरीच वर्षं लागतील. आणि तो एक पंखाही पुस्तकांतून वाचणाऱ्या तीन हजारांवर डोळा ठेवून घेऊ नका, फॉल-पिकोचं काम जास्त येतं त्या महिन्यात घ्या. दर रविवारी मीटरचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आठवड्याला ३५ च्या वर गेला तर त्याच आठवड्यात कळलं पाहिजे, बिल आल्यावर कळून उपयोग नाही. सहा महिन्यांची बिलं सहाशे-सहाशेनं उतरली तरी वर्षाचे ३,६०० झाले.

राहिला किराणा, त्यातून महिन्याला ६५० काढायचे. तुमच्या पानावर एक ओळ आहे, ‘बिस्किटं-पाकिटं वरचेवर’. दोन मुलांची रोज दहा-दहाची दोन पाकिटं म्हणजे महिन्याचे ६००. ती बंद करून भाजके शेंगदाणे-फुटाणे आणि घरचा पातळ पोह्यांचा चिवडा डब्यात ठेवला तर निम्मे तरी वाचतात. सेव बंद करा असं इंदुरात कुणाला सांगण्यात अर्थ नाही, पोहे कोरडे खायचे का! पण ती पाव-पाव किलो न आणता महिन्याला एकदाच आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पाव किलो आणायला गेलेला माणूस समोसा खाल्ल्याशिवाय परत येत नाही.

तेलाच्या पिशवीवर किंमत नका बघू, वजन बघा. एक लिटर सोयाबीन तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, पण त्याच आकाराच्या पिशव्या हल्ली ८५० किंवा ७५० ग्रॅमच्याही येतात. भाव किलोवर काढा. गल्लीतल्या दुकानाचं खातं बंद करा. उधारीवर भाव विचारता येत नाही. दोन महिन्यांतून एकदा दोन शेजारणींना घेऊन सियागंजच्या घाऊक बाजारात जा, तेलाचा डबा, साखर, चहा, साबण एकत्र घ्या आणि रिक्षाचं भाडं तिघींत वाटा. एकटीसाठी एवढ्या लांब गेलात तर बचत रिक्षावालाच नेईल. घरखर्चाचे पैसे आठवड्याला वाटत असाल तर चारने भागू नका, महिन्यात सव्वाचार-साडेचार आठवडे असतात. चारने भागलं की शेवटचे दोन-तीन दिवस हमखास उसनवारीचे.

औषधं ९००, व्याज ३५०, वीज ३००, किराणा ६५०. बरोबर २,२००. वीस-पंचवीस रुपये कमी-जास्त होतील, ते सेव आणायच्या पैशांतून काढा.

पुस्तकांचे तीन हजार खजुरी बाजारात आहेत. मार्चअखेर, निकाल लागल्या-लागल्या जुनी पुस्तकं विकायला आणि घ्यायला जा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चांगल्या प्रती उरत नाहीत. आवृत्तीचं वर्ष शाळेच्या यादीशी जुळवून घ्या. स्वाध्यायपुस्तिका, ज्यात मुलं लिहितात, त्या मात्र नव्याच लागतात. एका ठराविक दुकानातूनच घ्या अशी सक्ती मध्य प्रदेशात खाजगी शाळेला करता येत नाही. गणवेशाचा एकच जोड नवा घ्या, दुसरा गेल्या वर्षीचा दुमडपट्टी सोडून.

आता गहू, कारण पत्रात तुम्ही सगळ्यात जास्त हळहळलात ती त्यासाठी. तुमच्या घरी महिन्याला २५ किलो आटा लागतो, वर्षाचे ३ क्विंटल. पाकीट आटा ४४ रुपये धरला तर १३,२००. लोकवन गहू ३२ रुपयांनी ९,६०० आणि चक्कीची दळणावळ १,२००, मिळून १०,८००. वाचतात २,४००. आपल्याला वाटतं त्यापेक्षा कमीच. आणि हे ९,६०० शेकडा दोनने उसने आणले तर वर्षाचं व्याज २,३०४. म्हणजे मेहनत तुमची, बचत सराफाची. कर्ज काढून गहू भरू नका.

गव्हात सोंडे का झाले, याची कारणं बहुधा तीन असतात: दाणा ओला, कोठी अस्वच्छ, किंवा पावसाळ्यात वारंवार उघडलेलं झाकण. सोंडा दाण्याच्या आत अंडं घालतो, म्हणून वरून स्वच्छ दिसणाऱ्या गव्हातही तो आधीच असू शकतो. ओलावा आणि ऊब मिळाली की बाहेर पडतो.

दाणा दाताखाली कट्ट वाजून तुटला पाहिजे, दबला तर ओला. आणखी खात्री हवी तर कोरड्या काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा गहू आणि चमचाभर कोरडं बारीक मीठ घालून मिनिटभर हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर भरू नका. गहू चाळून गच्चीवर दोन बोटं जाडीचा थर करून दोन कडक उन्हं द्या, मधून मधून हात फिरवा. आता नेमकी चूक होते ती इथे: संध्याकाळी गरम गहू तसाच कोठीत जातो. आतली वाफ थंड पत्र्याला लागून पाणी होते, आणि कडेचा गहू बुरसतो. रात्रभर घरात पसरून पूर्ण गार होऊ द्या, सकाळी भरा.

कोठी धुऊन उन्हात वाळवा. तळाच्या सांध्यात जुनं पीठ अडकलेलं असतं, सोंड्यांचं बी तिथेच असतं. ते जुन्या दातब्रशने काढा. कडुनिंबाचा पाला सावलीत कुरकुरीत वाळवून थराथरात घाला. हिरवा पाला घातला तर ओलावा तुम्हीच आत नेलात. कोठी तोंडापर्यंत भरा, रिकामी जागा म्हणजे हवा. झाकणाच्या कडेला चिकटपट्टी लावा, कोठी विटांवर ठेवा आणि भिंतीपासून चार बोटं दूर. खालच्या तोंडाची कोठी असेल तर उत्तम. पावसाळ्यात महिन्याचा २५ किलो गहू कोरड्या दिवशी एकदाच काढून लहान डब्यात घ्या. जुन्या गव्हावर नवा ओतू नका.

आणि एक गोष्ट कुणी कितीही सांगितली तरी करू नका: सल्फासच्या गोळ्या. हवेतल्या ओलाव्याने त्यातून विषारी वायू सुटतो. बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने दगावतात. ती गोदामाची वस्तू आहे, घराची नव्हे.

तीन क्विंटल एकदम नकोच. पुढच्या मे महिन्यात विमा जाऊन २,६४४ उरतील, त्यात त्या महिन्याच्या पाकीट आट्याचे १,१०० घाला. एक क्विंटलची एक कोठी त्यात भरते, वर दळणाचे पैसेही सुटतात. पाऊस यायच्या आत, मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत भरून घ्या. ती चार महिने पुरेल, आणि सप्टेंबरात तळाचा गहू स्वच्छ निघाला तर पुढच्या वर्षी दोन कोठ्या. दूध मात्र औषधांची पहिली स्वस्त पिशवी घरी आली त्याच दिवसापासून सव्वा लिटर करा. महिन्याचे ४५० लागतील, ते बोनसाला हात न लावता फॉल-पिकोतून भागवायचे. महिन्याला जास्तीच्या किती साड्या लागतील, हे तुमच्या दरानं तुम्हीच काढा.